पहिले घर : अनामत थोडी, हिशेब मोठा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली जुनी माणसे सांगत आली. त्यांच्या काळी घर बांधावयाचे म्हणजे जागा, दगड, माती, लाकूड आणि गवंडी यांची जुळवाजुळव असे. आजच्या शहरात सामान्य माणूस घर बांधीत नाही. तो सदनिकेसाठी अर्ज भरतो. सोडत, अनामत रक्कम, देकारपत्र, अनुदान, हप्ता, मुद्रांक शुल्क हे शब्द त्याच्या वाट्याला येतात. काही हजार रुपये भरून लाखोंच्या घराला अर्ज करता येतो, हे ऐकून तो हरखतो. या शब्दांचा अर्थ काय, सरकारची मदत नेमकी केव्हा हाती पडते आणि थोड्या अनामतीचे घर खरोखर गरिबाच्या आवाक्यात येते काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

असला रुक्ष विषय वार्षिक अंकात कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर सोपे आहे. माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी आपापल्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी आहेत. घरात सरकारी कागद आला की तो वाचून दाखविण्याचे काम आपल्याकडेच येते. माझे वडील रिक्षा चालवितात, आई शिलाईचे काम घरी आणते. भाड्याच्या दोन खोल्यांतून निघून स्वतःचे घर घ्यावे, असा विषय आमच्या घरी निघाला तेव्हा माहितीपुस्तिका माझ्याच हाती देण्यात आली. तेव्हापासून जे वाचले, विचारले आणि वहीवर मांडून पाहिले, तेच येथे सांगतो.

गृहनिर्माण मंडळ ते म्हाडा

स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच, १९४८ साली, मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी केंद्र सरकारची अनुदानित घरांची योजना आली. पुढे १९७६ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजे ज्याला आपण सारे 'म्हाडा' म्हणतो ते, ५ डिसेंबर १९७७ रोजी अस्तित्वात आले. आपला सोलापूर जिल्हा त्याच्या पुणे मंडळाकडे येतो.

जुन्या काळातील एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मंडळाच्या अनेक वसाहतींतील गाळे भाडे-खरेदी तत्त्वावर दिले गेले. म्हणजे गाळेधारक मंडळालाच दरमहा हप्ता भरी आणि सारे हप्ते फिटल्यावर गाळा त्याच्या मालकीचा होई. घर देणारा आणि उधारी देणारा एकच होता. आज हे दोन दरवाजे वेगळे झाले आहेत. घर म्हाडा किंवा बिल्डर देतो आणि पैसा बँक देते. सामान्य माणसाची खरी अडचण या दोन दरवाजांच्या मधल्या जागेत आहे.

अनामत म्हणजे किंमत नव्हे

सोडतीसाठी अर्ज करताना जी रक्कम भरावी लागते तिला अनामत म्हणतात. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटासाठी ती २५ हजार, अल्प गटासाठी ५० हजार आणि मध्यम गटासाठी १ लाख रुपये होती. सोडतीत नाव न लागल्यास ती परत मिळते. त्या सोडतीत ४,०८२ घरे होती आणि अर्ज १ लाख २० हजारांहून अधिक होते. म्हणजे साधारणपणे एका घरामागे एकोणतीस माणसे उभी होती. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के असे राखीव कोटेही असतात.

कोणी कोणत्या गटात बसावयाचे हे उत्पन्नावर ठरते. २०२२ साली ठरलेल्या मर्यादांप्रमाणे मुंबई, पुणे व नागपूर महानगर प्रदेशांत आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत वार्षिक ६ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणारे अत्यल्प गटात येतात. इतरत्र ही मर्यादा साडेचार लाखांची आहे. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला लागतो, महाराष्ट्राचा अधिवास दाखलाही लागतो. २०२३ पासून ही छाननी सोडतीपूर्वीच होते. पूर्वी नाव लागल्यावर कागदांसाठी धावाधाव होई; आता कागद नसतील तर सोडतीत नावच जात नाही.

समजा, नाव लागले. मग म्हाडाचे देकारपत्र येते आणि किंमत ठराविक मुदतीत हिश्श्यांनी भरावयाची असते. त्याच सोडतीत पहाडी गोरेगाव येथील अत्यल्प गटाची घरे सुमारे तीस लाखांची होती. २५ हजार हे तीस लाखांच्या एक टक्काही होत नाहीत. अनामत ही केवळ रांगेत उभे राहण्याची चिठ्ठी आहे.

वहीवरचा हिशेब

आता सोलापूरसारख्या शहरात २० लाखांची तयार सदनिका घ्यावयाची आहे असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देऊ शकते. म्हणजे १८ लाख कर्ज आणि २ लाख स्वतःचे. पण एवढ्यावर भागत नाही. महापालिका क्षेत्रात मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के धरले तर १ लाख २० हजार होतात. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार. येथे २० हजार. दहा लाखांवरच्या घरांच्या बाबतीत हे दोन्ही खर्च बँक कर्जासाठी मोजीत नाही. ते खिशातूनच द्यावे लागतात. म्हणजे पहिल्याच दिवशी हाताशी ३ लाख ४० हजार हवेत. सदनिका बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील असेल तर परवडणाऱ्या घरांवरील एक टक्का वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी २० हजार. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. तेवढेच २० हजार वाचतात, आणि आईच्या नावावर घर होते ही गोष्ट निराळीच.

पुढे हप्ता. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज घेतल्यास प्रत्येक लाखामागे महिना सुमारे ९०० रुपये पडतात. १८ लाखांना १६,२०० रुपये झाले. वीस वर्षांत एकूण ३८ लाख ८८ हजार भरावे लागतात. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. हप्ता उत्पन्नाच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांपेक्षा वर जाऊ नये असे बँका पाहतात. म्हणजे घरात दरमहा ३२ ते ४० हजारांचे उत्पन्न, आणि तेही कागदावर दिसणारे, असले पाहिजे.

सरकारी मदत केव्हा मिळते ?

केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तीत कर्जाच्या व्याजावर अनुदान होते. सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के दराने हिशेब करून कमाल २ लाख ६७ हजारांच्या आसपास रक्कम एकदम कर्जखात्यात जमा होई. मुद्दलच घटल्याने हप्ता उतरे. ही सवलत ३१ मार्च २०२२ रोजी संपली.

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर चार टक्के व्याज-अनुदान मिळते. त्याची कमाल रक्कम १ लाख ८० हजार असून ती पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. अट अशी की, पती, पत्नी व अविवाहित मुले यांच्यापैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे.

आता दोन आकडे शेजारी मांडून पाहा. सरकार देते १ लाख ८० हजार. मुद्रांक व नोंदणी यांपोटी सरकारच घेते १ लाख ४० हजार. त्यातही घेणे पहिल्या दिवशी आणि देणे पाच वर्षांत. गरिबाला पैशाची निकड पहिल्या दिवशी असते. तो दिवस निभावण्यासाठी तो दागिने गहाण टाकतो किंवा सावकाराकडून मोठ्या व्याजाने पैसे उचलतो. मग चार टक्क्यांची सवलत कोठल्या कोठे वाहून जाते ! मदत मिळत नाही असे मला म्हणावयाचे नाही. ती गरजेच्या वेळी मिळत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

पात्र आणि अपात्र

याहून मोठी अडचण पगारपत्रकाची आहे. सरकारी नोकराला ते मिळते, शिक्षकाला मिळते. रिक्षावाला, भाजीवाली, घरी शिलाई करणारी स्त्री यांना ते कोण देणार ? माझ्या वडिलांची कमाई रोज संध्याकाळी खिशात असते; कागदावर कोठेच नसते. आम्ही एका बँकेत चौकशी केली तेव्हा तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणा, असे सांगण्यात आले. तो अधिकारी सभ्यपणेच बोलला. नियमच तसा होता.

म्हणजे पेच असा आहे. उत्पन्न कमी म्हणून माणूस घराला पात्र, आणि उत्पन्न कमी म्हणूनच तो कर्जाला अपात्र. दाखल्यावर उत्पन्न थोडे दिसले तर बँक नाही म्हणते. जास्त दिसले तर गट बदलतो. पहाडी गोरेगावच्या तीस लाखांच्या घराला २७ लाख कर्ज घेतल्यास हप्ता होतो सुमारे २४,३०० रुपये. अत्यल्प गटाची वरची मर्यादा महिना ५० हजार. त्या मर्यादेच्या टोकावर असलेला कसाबसा निभावेल. पण महिना २५ हजार मिळविणाऱ्याचे सारे उत्पन्न हप्त्यातच जाईल. दोघेही एकाच गटात आहेत, आणि दोघांची अनामत सारखीच आहे.

हा प्रश्न सरकारच्या नजरेत नाही असे नव्हे. अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जांना हमी देणारा एक न्यास केंद्राने २०१२ साली स्थापन केला. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात त्याचा निधी १,००० कोटींवरून ३,००० कोटींपर्यंत वाढविण्याचे ठरले. ही हमी पेठेतल्या शाखेपर्यंत पोहोचली, तर पगारपत्रकाचा पेच पुष्कळसा सुटेल.

सोलापूरचा धडा

याबाबतीत आपल्याच शहराकडे पाहावे. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. घराची किंमत ६० हजार. त्यात २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार कामगाराचे. हिशेब इतका सरळ होता की अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो बोटांवर मोजता यावा.

त्यानंतर तेथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरे हाती घेण्यात आली. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते पहिली पंधरा हजार घरे देण्यात आली. येथे आवास योजनेचा दुसरा प्रकार लागू झाला. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाखांचे अनुदान घराच्या किमतीतच वळते होते. विडी, यंत्रमाग, शिलाई अशा कामांतील माणसे येथे घरधनी झाली. दोन्ही वसाहतींसाठी माजी आमदार नरसय्या आडम मास्तर आणि कामगारांची संघटना यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला.

वसाहत शहराबाहेर आहे, कामाला जाण्या-येण्यात वेळ व पैसा जातो, हे खरेच. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. पाणी, बस, शाळा आणि काम यांसह घर पुरे होते. विरार-बोळिंज येथील म्हाडाची हजारो घरे वर्षानुवर्षे विक्रीविना पडून राहिली, हे उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवावे. तरीही सोलापूरचा धडा मला महत्त्वाचा वाटतो. एकट्याने खिडकीशी उभा राहणारा माणूस कागदावाचून परत फिरतो. संस्था करून आलेल्या हजारोंना सहजासहजी परत पाठविता येत नाही.

काही सूचना

खाजगी बिल्डरकडून घर घेणाऱ्यांनी २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार घ्यावा. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. किंमत चटई क्षेत्रावर सांगितली आहे ना, हे विचारावे. म्हाडाचे घर पाच वर्षे विकता येत नाही, हेही आधीच जाणून असावे. आणि घर दोन-तीन वर्षांनी घ्यावयाचे असले तरी बँकेत खाते उघडून रोजची मिळकत आजपासून त्यात भरू लागावे. पगारपत्रक नसणाऱ्याला निदान तेवढा पुरावा तयार होतो. आमच्या घरी आम्ही तेच सुरू केले आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक दरवर्षी खेड्यात श्रमदानाला जाते. त्याच पथकाने सोडतीच्या दिवसांत आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत बसावे, दाखल्यांची यादी समजावून सांगावी, अर्ज भरून द्यावेत आणि अनामतीच्या पलीकडचा पुरा हिशेब मांडून दाखवावा. प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे, आम्ही विद्यार्थी लेखणी घेऊन येऊ. टक्केवारी आणि व्याज आपण परीक्षेपुरते शिकतो. ते ज्यांना रोजच्या जगण्यासाठी लागते, त्यांच्यापर्यंत ते नेले तर आपल्या शिक्षणाचा थोडा उपयोग झाला असे म्हणता येईल.