अकरा अर्धवट कोर्स

गेल्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं: कॉम्प्युटर सायन्स घरबसल्या, फुकटात, खरंच शिकता येतं का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण ते मी ठामपणे म्हणू शकतो, त्यामागे माझ्या भाच्याचं एक वर्ष खर्ची पडलंय. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

मी इंदूरचा, पेशाने हिशेबनीस. टॅली आणि एक्सेल, एवढंच माझं कॉम्प्युटरज्ञान. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स सापडला. त्यात प्राध्यापक डेव्हिड मॅलन जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी हातात घेतात आणि एक नाव शोधू लागतात. डिरेक्टरी बरोबर मधोमध उघडायची. नाव पुढे असेल तर मागचा अर्धा भाग चक्क फाडून फेकायचा. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा तेच. हजार पानं असली तरी दहा फाडण्यांत काम होतं. आणि दोन हजार असली तर? वीस नाही, अकरा! पानं दुप्पट झाली, काम फक्त एका पायरीने वाढलं. अट एकच, नावं क्रमाने लावलेली हवीत. आमच्या ऑफिसातल्या व्हाउचरच्या फाइलींवर ही युक्ती चालायची नाही.

आयुष्यभर पान पान उलटून नोंदी शोधणारा मी, त्या रात्री झोपलोच नाही. मग एमआयटीचा अल्गोरिदमचा कोर्स पाहिला, एका साध्या लॉजिक गेटपासून सुरुवात करून अख्खा कॉम्प्युटर उभा करायला शिकवणारा ‘नँड टू टेट्रिस’ पाहिला. पाहिला, हा शब्द लक्षात ठेवा.

त्याच सुमारास हैदराबादहून बहिणीचा फोन आला. भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि एका कोचिंगवाल्याने सत्तर हजार सांगितले होते. कर्ज काढायचं चाललं होतं. मी म्हटलं, ‘एक पैसा देऊ नका. जगातले उत्तमोत्तम प्राध्यापक फुकट शिकवतायत.’ आणि भाच्याला लिंकवर लिंक पाठवत सुटलो.

वर्षभराने दिवाळीत त्यांच्याकडे गेलो. पोराने अकरा कोर्सना नावं नोंदवली होती, एकही पुरा नव्हता. कॉलेजात आलेल्या कंपनीने कागदावर साधं लूप लिहायला सांगितलं, ते त्याला जमलं नव्हतं. ‘बघताना सगळं कळतं मामा, पण हात चालत नाही,’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘तू स्वतः किती गृहपाठ केलेस?’

एकही नाही. खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं सीएस५०चा पहिल्या आठवड्याचा गृहपाठ घेऊन बसलो. मारिओ गेममध्ये ठोकळ्यांचा जिना असतो ना, तसा ‘#’ या चिन्हाचा जिना सी भाषेत काढायचा. उंची आठ असेल तर पहिल्या ओळीत सात मोकळ्या जागा आणि एक ठोकळा, दुसरीत सहा जागा आणि दोन ठोकळे, असं खालपर्यंत. दिसायला पोरखेळ! आमचा जिना आधी डावीकडे कलला, मग प्रत्येक ओळीत एक जागा जास्त पडू लागली. कोर्सवाल्यांनी ‘चेक५०’ नावाचा तपासनीस दिलाय. तुमचं उत्तर काय आलं आणि काय यायला हवं होतं, तो समोरासमोर मांडून दाखवतो. कुणावर ओरडत नाही, कंटाळत नाही. रात्री साडेअकराला कळलं की आम्ही मोजणी शून्यापासून करत होतो आणि वजाबाकी एकपासून. तीन तासांत आठ-दहा ओळी लिहून झाल्या. पण लूप म्हणजे काय, हे मला त्या तीन तासांत कळलं. आधीच्या दोन वर्षांत मी फक्त चांगली व्याख्यानं ऐकली होती.

आमचीच ही गत होती असं नाही. २०११ साली स्टॅनफर्डमधून सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्या जगाला खुला केला. सुमारे १,६०,००० लोकांनी नावं दिली, शेवटपर्यंत पोचले साधारण २३,०००. म्हणजे सातांत एक. नाव नोंदवायला काही पडत नाही, म्हणून सोडायलाही काही वाटत नाही.

याच कारणासाठी मला आपलं एनपीटीईएल आवडतं. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांचा हा उपक्रम. कोर्स फुकट, पण दर आठवड्याच्या गृहपाठाला शेवटची तारीख असते आणि प्रमाणपत्र हवं असेल तर थोडी फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवतात, तो कोर्स इथे आहे. इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी आधी मॅलन न बघता हा बघावा, बोलणं आपल्या कानांना ओळखीचं वाटतं.

भाच्याने अकरापैकी दहा कोर्स सोडले, सीएस५० ठेवला. दर रविवारी सकाळी आमचा फोन असतो आणि त्यात व्याख्यानावर बोलायचं नाही, फक्त गृहपाठावर. कर्ज काढावं लागलं नाही, पण नोकरीही अजून लागलेली नाही, तेही सांगून ठेवतो.

गेल्या रविवारी तो चौथ्या आठवड्याच्या गृहपाठात अडकला होता. फोटो आरशात दिसतो तसा उलटा करायचा, म्हणजे प्रत्येक ओळीतले डावे ठिपके उजवीकडे आणि उजवे डावीकडे. प्रोग्रॅम बिनतक्रार चालत होता, फोटो मात्र होता तसाच बाहेर येत होता. मी अजून तिसऱ्याच आठवड्यात, त्यामुळे काय चुकलं ते मला सांगता येईना. अर्ध्या तासाने मेसेज आला: ‘मामा, सापडलं. अदलाबदल अर्ध्या रुंदीपर्यंतच करायची. पुढे गेलो की सगळे परत आपापल्या जागी येत होते.’