कूपर ब्लॅक : जाडजूड अक्षराचं कसब

शिकागोच्या ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या टाइप फाउंड्रीने १९२२ साली कूपर ब्लॅक हा टाइप बाजारात आणला, तेव्हा जाड टाइपांची वानवा नव्हती. मथळ्यांसाठी काळेकुट्ट, करकरीत टाइप छापखान्यांत होतेच. या टाइपाचा रचनाकार ऑसवल्ड कूपर याने जाडी राखली आणि तिची दहशत तेवढी काढून घेतली.

कूपर मूळचा जाहिरातींची अक्षरं हाताने रेखाटणारा. शिकागोत फ्रेडरिक गाउडी या नामवंत अक्षरकाराकडे तो शिकला आणि १९०४ मध्ये भागीदारीत त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला. हाताचं ते वळण टाइपातही उतरलं आहे.

रोमन लिपीतला छोटा ‘ओ’ मोठा करून पाहा. बाहेरून गरगरीत, पण आतलं पोट अरुंद आणि डावीकडे कललेलं. ‘आय’ आणि ‘जे’ यांच्यावरचे ठिपकेही लांबट, तिरके. सेरिफची, म्हणजे दांड्यांच्या शेवटी असणाऱ्या लहान रेघांची, टोकं गोलावलेली. उभ्या दांड्यांचा तळसुद्धा सपाट नाही, किंचित फुगीर आहे, म्हणून शब्द ओळीवर जरा डुलल्यासारखा वाटतो.

ही गोलाई केवळ नटवेपणा नाही. टोकदार सेरिफचा खिळा (छपाईचा धातूचा ठसा) झिजला किंवा शाई जरा जास्त लागली, की अक्षर लगेच बेढब दिसतं. इथे कडा मुळातच मऊ. हलका कागद, घाईची छपाई, सगळं खपून जातं. शिवाय ओळीखाली उतरणारे भाग आखूड, त्यामुळे मथळ्याच्या ओळी एकमेकींना भिडवून लावता येतात. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं?

टाइप तुफान खपला. नाकं मुरडणाऱ्यांनी त्याला ‘काळं संकट’ म्हटलं. स्पर्धेत मागे पडू नये म्हणून लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने तशाच जाड टाइपाचं काम दिलं ते खुद्द गाउडीला! त्यातून १९२५ मध्ये ‘गाउडी हेवीफेस’ आला. शिष्याचा टाइप मात्र त्याच्याहून कितीतरी अधिक गाजला.

कूपर १९४० मध्ये गेला. पुढे फोटोटाइप (प्रकाशचित्रणाने अक्षरजुळणी) आणि लेट्रासेट (घासून उमटवायची अक्षरं) यांच्या काळात खिळ्यांची अडचण संपली, अक्षरं एकमेकांना खेटवता येऊ लागली आणि या टाइपाला दुसरं तारुण्य लाभलं. बीच बॉइज या बँडच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमचं मुखपृष्ठ त्यातलंच. सत्तरच्या दशकात इस्त्रीने टी-शर्टवर चिकटवायच्या अक्षरांतही तोच. १९९५ पासून ईझीजेटच्या नारिंगी-पांढऱ्या विमानांवरही तोच उडतो आहे. विमानकंपनीने नावासाठी असं गुबगुबीत अक्षर निवडावं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला ते परकं वाटत नाही.

परिच्छेदासाठी मात्र हा टाइप घेऊ नका. लहान आकारात अक्षरांची पोटं बुजतात आणि पान काळवंडतं. दोन-चार शब्द, मोठा आकार आणि भोवती मोकळी जागा द्या. तेवढ्या कामाला रोमन लिपीत याच्या तोडीचे टाइप आजही थोडेच आहेत.