दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर एरवी बी-बियाणं, खतं आणि फवारणीचं वाचता. आजचा विषय घरातल्या बाईमाणसाचा आहे: स्तनाचा कर्करोग. शब्द वाचून पान उलटू नका. पुरुष मंडळींनी तर मुळीच नको, कारण तालुक्याच्या दवाखान्यात जायचं की नाही आणि कधी, हे बहुतेक घरांत अजून तुम्हीच ठरवता.

भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत हा आज पहिल्या क्रमांकावर आहे. खेड्यात त्याचं प्रमाण शहरापेक्षा कमी, हे खरं. पण खेड्यातली बाई दवाखान्यात पोचते तेव्हा गाठ बहुधा वाढलेली असते. कारण सुरुवातीची गाठ सहसा दुखत नाही, आणि आपल्याकडे दुखेल तेवढंच दुखणं. ताप आला, कंबर धरली तर बाई एखाद वेळ सांगेल. वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ, तीही असल्या जागी, कोणाला सांगणार? आधी ज्वारीची काढणी, मग लग्नसराई, मग पेरणी. वर्ष कधी निघून गेलं कळत नाही.

कपाशीवाल्यांना गुलाबी बोंडअळी सांगायला नको. बोंड बाहेरून हिरवंगार, आत अळी. म्हणून दर आठवड्याला २० बोंडं फोडून पाहा, दोनांत अळी दिसली की फवारा, असं आम्ही सांगतो. पिकाला नुकसानीची पातळी असते, तोवर थांबता येतं. या रोगात थांबायची पातळीच नाही. एक गाठ हाताला लागली की निघायचं.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात सोयाबीनच्या काढणीत एका बाईला अंघोळ करताना गाठ जाणवली. तिनं जावेला सांगितलं, जावेनं आशाताईला. सासूचं म्हणणं, सोयाबीन निघू द्या. नवऱ्यानं मात्र मजूर लावले आणि बायकोला घेऊन गेला. गाठ लहान होती, म्हणून डॉक्टरांनी तेवढाच भाग काढला, स्तन वाचला. पुढं सलाईनमधून औषध झालं, शेक झाला, केस गेले आणि परत आले. याला आता पाच वर्षं होऊन गेली. ती गटाच्या बैठकीला येते, खुरपणीलाही जाते, गोळी तेवढी रोज घेते. त्याच गावात दुसऱ्या एकीनं दीड वर्ष लेप लावले. तिला नेलं तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती. ती गेली, मुलगी तेव्हा सातवीत होती. दोघींचीही घरं कोरडवाहू, पैसा सारखाच. फरक पडला तो दिवसांचा.

काय पाहायचं? स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी आत ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंडशी नव्यानं आत जाणं, तिच्यातून रक्त किंवा पाणी येणं, न भरणारी जखम. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, अंघोळीच्या वेळी, बोटांच्या सपाट भागानं चाचपून पाहावं, काखही पाहावी. पाळी गेलेल्या बायांनी महिन्यातला एक दिवस ठरवावा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईनं तुकडा काढून. सुई लावली की रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. हा रोग शिवल्यानं होत नाही, तेव्हा ताट-तांब्या वेगळा करण्याचंही कारण नाही. क्वचित पुरुषालाही तो होतो.

मोठी यंत्रं खेड्यात कुठली, असं कोणी म्हणेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं १९९८ पासून झोपडपट्टीतल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासणी केली. निकाल २०२१ मध्ये आला. तपासलेल्या गटात रोग वाढलेल्या अवस्थेत सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, तरी गाठ लागल्यावर कोणत्याही वयात थांबू नये.

आणि आपल्या बार्शीचं उदाहरण आहेच. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथं १९८७ मध्ये सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरून लोकांशी बोलत गेली आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाचे कर्करोग लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. तो रोग वेगळा, पण नुसत्या बोलण्यानं एवढं झालं.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, तुमचं काम इथंच आहे. तीस वर्षांवरील बायकांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, उपकेंद्रात फुकट होते. पण शिबिर ऐन काढणीत ठेवलं तर येणार कोण? बाजाराच्या दिवशी ठेवा, आडोशाची खोली द्या, तपासणारी बाईच असेल हे आधी सांगा. महिला ग्रामसभेत आशाताईंना दहा मिनिटं बोलू द्या.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिओथेरपी आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा. निघताना रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, नाहीतर त्यासाठीच एक खेप वाया जाते. उपचाराला जाताना रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. तिचा दाखला रुग्णालयातूनच मागून घ्या.