रील्समध्ये दिसणारं 'हँडलोडिंग' आणि 'वाइल्डकॅट' काडतूस म्हणजे काय? भारतात ते घरी का बनवता येत नाही?

स्क्रोल करता करता असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. टेबलावर पितळेच्या चकचकीत पुंगळ्या रांगेत मांडलेल्या. शेजारी दाणा दाणा मोजणारा वजनकाटा. एक माणूस पुंगळीत बारूद भरतो, वर गोळी बसवतो आणि पुढच्या सीनमध्ये हजार मीटरवरची लोखंडी पाटी 'टण्ण' वाजते. खाली कमेंट्समध्ये हमखास एक प्रश्न असतो: "भाऊ, आपल्याकडे हे करता येतं का?"

थोडक्यात उत्तर: परवान्याशिवाय नाही, आणि पकडलं गेलं तर किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

पण मग ऑलिम्पिकमध्ये पदक जिंकणारे आपले मराठी नेमबाज काय करतात? आणि अशी 'वेगळी' काडतुसं जन्माला येण्यात भारतातल्या एका बंदीचा मोठा हात होता, तो कसा? एकेक करून समजून घेऊया.

काडतुसात नेमकं काय असतं?

बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. प्रत्यक्षात रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्राइमर, आत बारूद आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा दाबला की प्राइमर पेटतो, बारूद जळून त्याचा वायू होतो आणि त्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. पुंगळी मागे उरते. गुन्ह्याच्या बातम्यांमध्ये 'रिकामी पुंगळी सापडली' असं वाचतो, ती हीच.

या पुंगळीत नवा प्राइमर, नवं बारूद आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरणं म्हणजे रीलोडिंग. हेच काम एका विशिष्ट रायफलला अचूक जुळेल अशा बेताने हाताने केलं, की त्याला हँडलोडिंग म्हणतात.

मग 'वाइल्डकॅट' म्हणजे काय?

बाजारात मिळणाऱ्या काडतुसांची मापं ठरलेली असतात. अमेरिकेत 1926 साली स्थापन झालेली 'सामी' ही उद्योगसंस्था आणि युरोपात 'सीआयपी' ही आंतरराष्ट्रीय संस्था ही मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवतात.

या ठरलेल्या यादीत नसलेलं, कुणीतरी स्वतःच्या कल्पनेने घडवलेलं काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. बहुतेक वेळा पुंगळी अगदी शून्यातून बनवत नाहीत. असलेलीच घेऊन तिची मान अरुंद किंवा रुंद करतात, खांद्याचा उतार बदलतात. मोठ्या पुंगळीला बारीक मान दिली की बारूद जास्त मावतं आणि गोळी लहान राहते. साहजिकच वेग वाढतो.

यातली काही काडतुसं पुढे 'ऑफिशियल' होतात. '22-250' हे काडतूस कित्येक वर्षं हौशी लोकांचं वाइल्डकॅट होतं. 1965 मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणलं. आज जगभरातले स्नायपर वापरतात त्या '.338 लापुआ मॅग्नम'चं मूळही असंच आहे. मोठ्या शिकारीसाठी 1911 मध्ये आलेल्या '.416 रिग्बी' काडतुसाच्या पुंगळीची मान अरुंद करून पाहण्याच्या प्रयोगांतून ते पुढे आलं. अर्थात, कारखान्यात त्याची पुंगळी जास्त दाब सोसेल अशी नव्याने घडवली गेली.

एवढा खटाटोप कशासाठी?

एका शब्दात सांगायचं तर सारखेपणासाठी.

साधं गणित करून पाहू. समजा, गोळीला 1000 मीटरवर पोहोचायला दीड सेकंद लागला. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे 11 मीटर खाली येते. नेमबाज दुर्बिणीवर तेवढी भरपाई करून ठेवतो. पण पुढच्या काडतुसात बारूद किंचित कमी पडलं आणि गोळीला फक्त 1 टक्का जास्त वेळ लागला, तर ती आणखी साधारण 22 सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे नेम तोच, हात तोच, श्वास तोच, आणि तरीही गोळी वीतभर खाली.

दुसरा मुद्दा रायफलचा. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना एकच काडतूस सारखं मानवेल असं नाही. नळीच्या आतल्या मापात बारीक फरक असतो, आणि गोळी सुटताना नळी थरथरते तीही प्रत्येक रायफलमध्ये वेगळी.

हे तत्त्व बंदुकीपेक्षा जुनं आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं काठी हे गाव राजवाडी होळीमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्या सातपुड्यातल्या भिल्ल समाजाचं धनुष्यबाणाशी नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. कुठल्याही तिरंदाजाला विचारा, कोणताही बाण कोणत्याही धनुष्याला चालत नाही. धनुष्याच्या ताकदीच्या मानाने बाणाची काडी फार लवचिक किंवा फार ताठ असेल, तर बाण भरकटतो. हँडलोडिंग करणारा माणूस वजनकाटा घेऊन हेच करत असतो: बाण आणि धनुष्य जुळवणं.

रील पाहून 'रेसिपी' कॉपी केली तर?

इथे जिवाचा प्रश्न आहे. आपल्या गाडीच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवेचा दाब असतो. आधुनिक रायफलच्या काडतुसात तो क्षणभर 4000 बारच्या आसपास जातो. आणि हे सगळं नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर घडतं.

बारूद थोडं वाढवलं तर दाब त्याच प्रमाणात वाढेल असंही नाही. एका टप्प्यानंतर तो झपाट्याने चढतो. पुंगळीची जाडी, गोळी किती खोल बसवली, उन्हात तापलेलं काडतूस, अशा प्रत्येक गोष्टीने तो बदलतो. ठरलेल्या काडतुसांसाठी निदान कंपन्यांनी प्रयोगशाळेत तपासलेले आकडे असतात. वाइल्डकॅटसाठी अनेकदा तेही नसतात. म्हणूनच दुसऱ्याच्या रायफलसाठी तयार झालेला आकडा आपल्या रायफलमध्ये नळी फोडू शकतो, डोळा घेऊ शकतो.

भारतातला कायदा काय सांगतो?

इथे लागू होतो 'शस्त्र अधिनियम, 1959', म्हणजे आर्म्स ॲक्ट. त्यातले तीन मुद्दे लक्षात ठेवा.

पहिला: कलम 5 प्रमाणे शस्त्रं किंवा दारूगोळा बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो. घरात बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे.

दुसरा: कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही त्यात येते. त्यामुळे 'मी तर फक्त मशीन आणि रिकाम्या पुंगळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या' हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही.

तिसरा: 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वाढली आहे. कलम 5 मोडून शस्त्र किंवा दारूगोळा बनवला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि दंड.

शिवाय लांब पल्ल्याच्या रायफलींची हौस परदेशात मुख्यतः शिकारीतून वाढली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाटच बंद केली आहे.

भारतातल्या बंदीने नवी काडतुसं कशी जन्माला घातली?

कायदा आणि काडतूस यांचं आपल्याकडचं नातं इंग्रजांच्या काळापासूनचं आहे.

त्या काळी ब्रिटिश सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफली भारतात होत्या. त्यांचं बोर .450 इंच. या मापाचा दारूगोळा लोकांच्या हाती पडून आपल्याच विरोधात वापरला जाईल, ही सरकारची भीती. म्हणून 1907 च्या सुमारास भारत आणि सुदानमध्ये खासगी वापरासाठी .450 बोरवर बंदी आली.

लंडनच्या बंदूक कारखानदारांची मोठी गिऱ्हाइकं भारतातच होती: राजेरजवाडे, साहेब आणि शिकारी. त्यांनी बंदीतून वाट काढली. माप थोडं बदललं. हॉलंड अँड हॉलंडने .500 च्या पुंगळीची मान .465 ला आवळली आणि त्याचं नावच '.500/465' ठेवलं. '.470 नायट्रो एक्स्प्रेस'ही याच लाटेत पुढे आलं आणि आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीसाठी गाजलं.

हीच गोष्ट .303 ची. सैन्याचं काडतूस म्हणून ते सर्वसामान्यांना बंद. मग नागरी परवान्यावर काय द्यायचं? उत्तर आलं .315, म्हणजे आठ मिलिमीटर. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या मॅनलिखर रायफलच्या काडतुसावर ते आधारलेलं आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ली-एनफिल्डच्या धर्तीवर .315 स्पोर्टिंग रायफल बनवली. आज बातम्यांमध्ये '315 बोर' हा शब्द सारखा येतो, त्यामागे हा इतिहास आहे. तिकडे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यानेही सैनिकी मापांवर निर्बंध आणले, तर तिथल्या हौशी लोकांनी .303 ची मान आवळून '303/25' हे वाइल्डकॅट काढलं.

म्हणजे अमेरिकेत माणूस हौसेने काडतूस बदलतो. आपल्याकडे ते कायद्याने बदललं.

आज महाराष्ट्रात काडतुसं कुठे बनतात?

सरकारी कारखान्यांत. पुण्याजवळच्या खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी 1869 पासूनची आहे. खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत सैन्याच्या रायफलींची काडतुसं तयार होतात. ऑक्टोबर 2021 पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीखाली आहेत.

मग आपले नेमबाज काय करतात?

1 ऑगस्ट 2024. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकलं. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं होतं.

या खेळात .22, म्हणजे 5.6 मिलिमीटरचं काडतूस वापरतात. त्यात वेगळा प्राइमर नसतो. पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, आणि फायर होताना ती कड चेपते. त्यामुळे ही पुंगळी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही.

पण बाण आणि धनुष्य जुळवायचं काम इथेही सुटत नाही. 50 मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. तिथे काडतुसातला बारीकसा फरकही पदक घालवू शकतो.

म्हणून 'लॉट टेस्टिंग' करतात. एली, आरडब्ल्यूएस, लापुआ या कंपन्यांची काडतुसं लॉटमध्ये तयार होतात आणि प्रत्येक लॉटला क्रमांक असतो. नेमबाज आपली रायफल किंवा तिची नळी घेऊन जातो. ती शिकंजात घट्ट बसवतात, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष मध्ये येत नाही. मग वेगवेगळ्या लॉटची काडतुसं ओळीने झाडून पाहतात. ज्या लॉटची छिद्रं सगळ्यात जवळ जवळ पडतात तो लॉट आपला, आणि मग त्याच क्रमांकाची काडतुसं शक्य तितकी घेऊन ठेवायची. शेजारच्या खेळाडूला तोच लॉट मानवेल याची खात्री नाही.

हँडलोडर काडतूस बदलत बदलत रायफलला जुळवतो. आपला नेमबाज तयार काडतुसांतून जुळणारं निवडतो. तत्त्व एकच.

मला हे शिकायचं असेल तर?

रस्ता आहे, आणि तो जुना आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया 1951 मध्ये सुरू झाली. तिची स्थापना केली लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांनी. त्यांच्या नावाची 'मावळणकर स्पर्धा' आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी आहे. सुरुवात जिल्हा किंवा राज्याच्या रायफल असोसिएशनशी संलग्न क्लबमध्ये, 10 मीटर एअर रायफलपासून करता येते. स्वप्नीलही राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला.

आणि जुळवाजुळवीची हौस असेल तर ती तिथेही भागते. एअर रायफलच्या छर्ऱ्यांच्या डब्यावर बारीक अक्षरात 4.49, 4.50, 4.51 असे आकडे असतात. हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक. आपल्या रायफलला यातला कोणता मानवतो, हे कागदावरची छिद्रं पाहून शोधावं लागतं. त्यासाठी बारूद लागत नाही, डोळा धोक्यात येत नाही आणि पोलीस दारात येत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी तो 'टण्ण' आवाजाचा व्हिडिओ आला तर जरूर बघा. आणि कमेंटमध्ये कुणी "भाऊ, आपल्याकडे हे करता येतं का?" असं विचारलं, तर त्याला मशीनची लिंक देऊ नका. जवळच्या रायफल क्लबचा पत्ता द्या.