चिपची अक्कल ठेवायची कुठे?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, सगळं सुरळीत चालतंय, फक्त वाय-फाय तेवढं लागत नाही. लिनक्सला ते ओळखता येत नाही का, असं एका वाचकाने विचारलं आहे. ओळखता येतं की! ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतो. नसतं ते चिपचं फर्मवेअर.

वाय-फायच्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात डेटाचं पाकीट मिळालं की अवघ्या १० मायक्रोसेकंदांनी त्याची पोच सुटावी लागते. मुख्य प्रोसेसरला इतकी घाई झेपत नाही, म्हणून हे काम चिपच उरकते. पण त्यासाठीचा प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर, कायमचा साठवणारी मेमरी बसवायची तर खर्च वाढतो, म्हणून बऱ्याच कंपन्या ती गाळतात. मग चिप म्हणजे रोज दुकान उघडताना मालकाकडून सगळे भाव नव्याने विचारून घेणारा विसराळू गडी!

पूर्वी हा प्रोग्राम ड्रायव्हरच्या सोर्स कोडमध्येच घुसडलेला असे. पानंच्या पानं नुसते ‘०एक्स’ने सुरू होणारे आकडे. कर्नलचा जीपीएल परवाना तर म्हणतो की, बदल करायला सोयीचा असेल त्या रूपातच सोर्स द्या. असे हजारो आकडे कोणी हाताने लिहिले असतील, यावर कोण विश्वास ठेवणार? २००८ मध्ये कर्नलवर काम करणाऱ्या डेव्हिड वुडहाउस यांनी हे बाड वेगळ्या फोल्डरात हलवायला घेतलं आणि २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत तो फोल्डरही कर्नलमधून गेला. आता ड्रायव्हर डिस्कवरची फाइल मागवून घेतो.

डेबियन या लिनक्स वितरणाने २०११ च्या ‘स्क्वीझ’ आवृत्तीत कर्नलमधून असला सगळा ऐवज उपसून काढला. पंचाईत अशी की, फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट लागायला फर्मवेअर! अखेर २०२२ मध्ये मतदान होऊन, २०२३ च्या ‘बुकवर्म’पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. मला हा निर्णय पटतो. तोच बंदिस्त प्रोग्राम चिपच्या पोटात दडला तर चालतो आणि डिस्कवर दिसला की विटाळ, हे सोवळं मला कधी कळलं नाही.

दाद द्यायची ती इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातल्या फ्रान्चेस्को ग्रिंगोली आणि लोरेन्झो नावा यांना. वाद घालत न बसता त्यांनी २००९ च्या सुमारास ब्रॉडकॉमच्या काही चिप्ससाठी चक्क मुक्त फर्मवेअर लिहिलं, तेही स्वयंसेवकांनी चिप उकलून मिळवलेल्या माहितीच्या जोरावर. चिपमधलं एन्क्रिप्शन त्यात नव्हतं, पण पाकीट पोहोचत होतं, पोच सुटत होती. या दोघांची नावं आज किती जणांना ठाऊक आहेत?

वाचकाच्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची जुनी चिप असेल, तर मात्र ‘बुकवर्म’चाही उपयोग नाही. तिचं मूळ फर्मवेअर इतरांनी वाटायला कंपनीची परवानगी नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडा, त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या आणि डेबियनच्या ‘कॉन्ट्रिब’ विभागातलं बी४३ फर्मवेअरचं इन्स्टॉलर पॅकेज टाका. बाकीचं ते स्वतः उतरवून घेतं.