ऑस्करच्या पिल्लाचा आहार

ऑस्करचे दोन इंची पिल्लू घेताना दुकानात हमखास सल्ला मिळतो : ‘शिकारी मासा आहे, जिवंत गोल्डफिश टाका.’ मीही काही महिने टाकत होतो. त्याची झडप पाहायला सारे घर गोळा व्हायचे. मग पिल्लाने अन्न सोडले, तोल जाऊन ते कलंडू लागले आणि एका सकाळी मेलेले आढळले.

त्यानंतर मी वाचू लागलो. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज हे विकर असते; ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. सतत तेच खाणाऱ्या माशाची भूक जाते, मज्जासंस्था बिघडते. शिवाय दाटीत ठेवलेले हे स्वस्त मासे परजीवीही सोबत आणतात. शिकारी म्हणजे फक्त मासे खाणारा, ही आपली समजूत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला ऑस्कर किडे आणि कवचधारी जीवही खातो.

आता मी पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच दाणेदार खाद्य देतो, अधूनमधून गांडूळ. मटण देत नाही. ती चरबी त्याला नीट पचत नाही. उरलेले लगेच काढतो, नाहीतर पाण्यात अमोनिया वाढतो. पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस राखतो आणि दर आठवड्याला पाव टाकी बदलतो.

हे पिल्लू फूटभर वाढते, १० वर्षेही जगते. एकट्यालाही सुमारे ३०० लिटरची टाकी लागते. तेवढी जागा नसेल तर आणूच नये. वाढल्यावर तळ्यात सोडणे तर मुळीच नको; आपल्या हौसेची किंमत तिथल्या देशी माशांनी का मोजावी?