काविळीवरच्या भुईआवळीची परीक्षा

फ्रीगंजच्या आमच्या घरी कुणाला कावीळ झाली, की आजी मागच्या अंगणातून भुईआवळी उपटून आणायची. पानांखाली बारीक फळांची ओळ असलेलं ते रोप मुळासकट वाटायचं आणि ताकातून अनशापोटी द्यायचं. काही दिवसांत डोळ्यांचा पिवळेपणा जाई. आजीचा विश्वास अनुभवातून आला होता.

पण दूषित पाण्यातून होणारी ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ बहुतेकांची आपसूकच उतरते. झीज भरून काढण्यात यकृताचा हात धरणारा अवयव क्वचितच सापडेल. म्हणून ‘घेतलं आणि बरं वाटलं’ एवढ्यानं भागत नाही. न घेणाऱ्यांचं काय झालं, तेही मोजावं लागतं.

मद्रासच्या संशोधकांनी नेमकं तेच केलं. ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणू अंगात असलेल्या काहींना त्यांनी ३० दिवस भुईआवळी दिली, इतरांना औषध नसलेली नकली मात्रा. १९८८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: भुईआवळी घेतलेल्या ३७पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती, दुसऱ्या गटात २३पैकी एकाच्याच. केवढी आशा होती त्या आकड्यांत! पुढे इतरत्र प्रयोग झाले, तेव्हा मात्र तसं यश पुन्हा दिसलं नाही. असे सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २०११च्या कॉक्रन आढाव्यालाही नुसत्या भुईआवळीच्या बाजूनं खात्रीलायक पुरावा सापडला नाही.

फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय, असं म्हणणाऱ्यांनी गुळवेलीकडे पाहावं. कोरोनाकाळात घरोघरी तिचे काढे उकळत होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयानं हा संबंध मान्य केला नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शंका काढली. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. काहींचं यकृत आधीपासूनच आजारी होतं, आणि मला सर्वात जास्त काळजी अशांचीच वाटते.

फ्रीगंजच्या दुकानात बाटलीवर ‘गिलोय’ हे हिंदी नाव असतं, घरात ती ‘गुळवेल’ होते. आणि डॉक्टरांनी ‘आणखी काही औषध घेता का?’ विचारलं, की आपण ‘नाही’ म्हणतो, कारण काढ्याला आपण औषध मानतच नाही.